ओटल्यावरचा गट: इंदुरात सोबती व्हायचं तर

गणपती उठले, झांक्यांच्या, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, रात्रीचं जागरण भरून निघालं, की राजेंद्रनगरातली दोन-चार मुलं आमच्या ओटल्यावर येऊन टेकतात. मंडळात दहा दिवस राबल्यानं हातांना कामाची सवय लागलेली असते आणि अचानक करायला काहीच उरलेलं नसतं. "ताई, तुमच्यासारखा गट आम्हालापण चालवायचाय. काय काय लागतं?" मुलामुलींनी शरीराचं, मनाचं आपसांत विचारावं म्हणून दर रविवारी बसणारा आमचा गट, तो कसा चालवायचा ते दर वर्षी तोंडी सांगते आणि दर वर्षी काहीतरी राहून जातं. म्हणून या वेळी लिहून काढलं.

पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी दोन महिने आली नाही, तर ती आधी सतरा वर्षांच्या मैत्रिणीला विचारते. आई नंतर, डॉक्टर त्याहून नंतर. मैत्रीण मोबाइलवर कुठेतरी बघितलेलं सांगून मोकळी होते. मुलगे तर विचारतही नाहीत, ऐकीव गोष्टींवर दिवस काढतात. ही विचारपूस बरोबरीच्यांतच होणार, मग त्या सतरा वर्षांच्या मैत्रिणीलाच खरी माहिती द्यावी, ऐकून घ्यायला शिकवावं आणि कुणाला कुठे पाठवायचं ते तिच्याकडे लिहून ठेवावं. सोबती-शिक्षण म्हणतात ते हेच.

सरकारनं ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यात अशा सोबत्याला 'साथिया' म्हणतात. गावात दोन मुलगे, दोन मुली असे चार साथिया असावेत, प्रत्येकानं पंधरा-वीस जणांचा गट करावा, अशी आखणी आहे. विषय सहा: पोषण, प्रजनन आणि लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, नशा, इजा आणि हिंसा, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे असंसर्गजन्य आजार. आम्ही शहरातल्या कॉलनीत राहणारे, आम्हाला कुणी नेमलं नाही. पण ही यादी आयती मिळाली, ती उचलली.

पहिली पायरी: माणसं, जागा, वेळ

गट बारा-पंधरा जणांचा पुरे. चालवणारे दोघे हवेतच, एक मुलगा आणि एक मुलगी, गटापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. फार मोठे नकोत. पंचविशीचा दादा आला की मुलं 'हो दादा' म्हणतात आणि गप्प बसतात.

अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या घरून होकार घ्या. इथे नवे सोबती एक चलाखी करतात, 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आहे काकू' असं सांगून येतात. करू नका. सहाव्या रविवारी पाळीचा विषय निघतो, मुलगी घरी जाऊन सांगते आणि काकू गट बंद पाडायला येतात, तेव्हा बोलायला तोंड राहत नाही. विषयांची यादी कागदावर लिहून हातात द्या आणि चहा होईपर्यंत बसा. आजी असेल तर आधी आजीशी बोला. माझा अनुभव असा, की आज्या आयांपेक्षा लवकर हो म्हणतात. त्यांच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं, याचा राग अजून असतो त्यांना.

एक मोठं माणूस पाठीशी हवं: ओळखीची नर्स, डॉक्टर किंवा शाळेतल्या बाई. त्यांनी गटात बसायचं नाही, फोन मात्र उचलायचा.

जागा अशी, की जाता-येता लोकांना तुम्ही दिसाल पण तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही. बंद खोली नको, देवळाचा सभामंडपही नको. गच्ची किंवा ओटला उत्तम. वेळ रविवारी संध्याकाळची, कारण सकाळी कोचिंगच्या टेस्ट असतात. क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी सरळ सुट्टी द्या, तिच्याशी स्पर्धा करून कुणी जिंकलेलं नाही.

दुसरी पायरी: गल्ला

विषय तुम्ही ठरवू नका. कुलूप लागणारा पत्र्याचा गल्ला आणा, आपण लहानपणी पैसे टाकायचो तसा. पहिले दोन रविवार फक्त चिठ्ठ्या. नियम एकच, प्रत्येकानं चिठ्ठी टाकायची, काही विचारायचं नसलं तरी कोरी टाकायची. नाहीतर कोण लिहितंय तिकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि खरा प्रश्न ज्याचा आहे तोच लिहीत नाही. पेन सगळ्यांना एकाच रंगाची द्या.

आमच्या पहिल्या गल्ल्यातून आलेला माल पाहून मी चाट पडले होते. मी एचआयव्हीवर तयारी करून बसलेले. चिठ्ठ्या निघाल्या केस गळण्याच्या, उंची न वाढण्याच्या, 'मला दिवसभर झोप का येते', 'पप्पा ताईला ओरडतात तेव्हा मी काय करू', 'बारावीत गणित सोडलं तर घरात काय होईल'. सगळ्या समोर पसरा, सारख्या सारख्या एकत्र करा, सर्वांत मोठी चळत ज्या विषयाची, तो पहिला. आमचा पहिला विषय झोप निघाला. पुढे गेल्यावर कळलं, त्या झोपेच्या मागे अर्ध्या मुलींचं रक्त कमी होतं.

तिसरी पायरी: कोणत्या भाषेत बोलायचं

याबद्दल कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगत नाही आणि इंदुरात तर हाच मोठा पेच आहे. आपली मुलं घरी मराठी बोलतात, मित्रांत हिंदी, शाळेत इंग्रजी शब्द. मराठीही इंदुरी, 'मी जाऊन राहिलीय' म्हणणारी. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्यात. पण शरीराची गोष्ट निघाली, की प्रत्येक भाषेची लाज वेगळी असते.

पाळीला घरात 'अडचण' म्हणतात, आजी 'कावळा शिवला' म्हणते, मैत्रिणींत 'डेट' चालते. मराठीत विचारलं की मुलीला आई ऐकतेय असं वाटतं. हिंदीत विचारलं की मोकळी होते, पण वर्गातल्या चेष्टेचे शब्दही त्याच हिंदीतले. म्हणून आम्ही असं करतो: विषय सुरू करताना त्या गोष्टीला जेवढे शब्द माहीत असतील तेवढे सगळे फळ्यावर लिहितो, घरातले, गल्लीतले, शिवीतलेसुद्धा. पाच मिनिटं हसू फुटतं. फुटू द्या, हसून झाल्यावर त्या शब्दांतला विखार निघून जातो. मग गटच ठरवतो, आजपासून आपण कोणता शब्द वापरायचा. बहुतेक वेळा साधा शब्द जिंकतो. 'पाळी' जिंकला. 'संमती' मात्र हरला. एक मुलगा म्हणाला, "ताई, ते अर्जावर लिहितात तसं वाटतं." त्याऐवजी 'चालेल का?' ठरलं, आणि चालेल का विचारल्यावर समोरचा गप्प राहिला तर तो नकारच धरायचा, हेही ठरलं.

मनाच्या गोष्टींतही तेच. 'टेन्शन' हा शब्द इतक्या गोष्टींवर फासला जातो, की त्याखाली काय आहे ते दिसत नाही. 'टेन्शन म्हणजे तुझ्याकडे काय होतं?' असं विचारा. मग येतं: जीव घाबरा होतो, जेवण जात नाही, रडू येतं, कुणावर तरी हात उगारावासा वाटतो. या चारांची उत्तरं चार आहेत.

चौथी पायरी: एक विषय तळापर्यंत

सहाच्या सहा विषयांचं थोडं थोडं ज्ञान घेऊन उभे राहिलात तर तिसऱ्या प्रश्नाला अडकाल. एक घ्या आणि पुरता शिका. मी नव्या सोबत्यांना नेहमी रक्तक्षयापासून सुरू करायला सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मोजता येतो आणि फरक दिसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षय असलेले निघाले. म्हणजे तुमच्या पंधरांच्या गोलात हा प्रश्न बसलेलाच आहे. मुलींचं हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि पंधरा वर्षांवरच्या मुलांचं १३च्या खाली गेलं, की रक्त कमी धरतात. घरात याला 'कमजोरी' म्हणतात आणि टॉनिकची बाटली आणतात. जिना चढताना धाप, सारखी झोप, पापणीच्या आतला भाग फिका, माती किंवा खडू खावासा वाटणं, ही लक्षणं सांगा, पण डोळे पाहून निदान करत बसू नका. तपासणी करायला पाठवा.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आठवते? तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आपल्यातल्या निम्म्यांनी ती खिडकीतून बाहेर टाकलेली आहे, मीही टाकली असती. मळमळतं म्हणून टाकतात. पोट भरल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. शी काळी होते, ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. हे आधीच सांगितलं तर मुली गोळी सोडत नाहीत. जंतांची गोळी, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, वर्षातून दोनदा, राष्ट्रीय जंतनाशक दिवसाला मिळते, ती चुकवू नये. पोटात जंत असतील तर लोह घेऊनही रक्त नीट भरत नाही.

आता आपल्या इंदुरी जेवणाकडे या. सकाळचे पोहे, वर शेव, जिरावण मसाला आणि लिंबाची फोड. ती फोड बशीच्या कडेला तशीच राहते. पिळा! आंबट फळातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं. आणि त्याच पोह्यांबरोबर आपण जो कडक चहा मारतो तो लोह अडवतो. चहा सोडा म्हटलं तर इंदुरात कुणी ऐकणार नाही, तेव्हा एवढंच सांगा, चहा जेवणानंतर तासाभरानं. पोह्यांत मूठभर शेंगदाणे, मोड आलेले मूग किंवा हरभरे, संध्याकाळी मेथी-पालक, शेंगदाण्याची चिक्की. महागडं काहीच नाही. आमच्याकडे एका मुलीनं घरातल्या चहाची वेळ तासानं पुढे ढकलून दाखवली होती, तिच्या बाबांसकट. त्या गटातला तो सगळ्यात अवघड पराक्रम.

पाचवी पायरी: जीवनकौशल्यं करून बघायची

जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनकौशल्यं दहा मांडली आहेत: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, नीट संवाद, माणसांशी नातं, ताण सांभाळणं, भावना सांभाळणं. माझ्या पहिल्या वर्षी मी ही यादी मोठ्या तक्त्यावर रंगवून नेली होती. मुलांनी वहीत उतरवून घेतली, जांभया दिल्या आणि पुढच्या रविवारी सहा जण कमी आले. तक्ता अजून माळ्यावर आहे.

त्याऐवजी प्रसंग द्या. 'कोचिंग सुटल्यावर भंवरकुआँला टपरीवर चौघे उभे आहेत, एक जण सिगरेट पुढे करतो आणि म्हणतो, पकड ना भिया, बच्चा है क्या?' दोघांना उभं करा, करून दाखवायला लावा. पहिल्या फेरीत सगळे भाषण देतात, तंबाखूनं कर्करोग होतो वगैरे. टपरीवर असं कुणी बोलत नाही, हे बघणारी मुलंच सांगतात. दुसऱ्या फेरीत खरी वाक्यं येतात: 'नको यार, घरी वास येतो', 'मी चहा घेतो', किंवा काही न बोलता फोन काढून बाजूला होणं. चालतील तेवढी वाक्यं जमवा आणि प्रत्येकाला आपलं एक निवडायला सांगा. ते मोठ्यानं तीनदा म्हणवून घ्या. वेळेला तोंडात तेच येतं.

याच बैठकीत कायदाही दोन ओळींत सांगता येतो. २००३च्या तंबाखू कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्रीलाही. ई-सिगरेट तर २०१९पासून देशात विकताच येत नाही, 'फ्लेवरवाली आहे, काही होत नाही' असं सांगणाऱ्याला हे सांगा. आपल्या शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत पावलं मोजायला लावली, की मुलांना कायदा आपोआप पाठ होतो. टपरीवाल्या काकांशी भांडायला मात्र पाठवू नका. ते काम मुलांचं नाही.

सहावी पायरी: आपली हद्द

हे सगळ्यात काळजीपूर्वक वाचा.

पहिल्या वर्षी एका मुलीनं मला विचारलं, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "शप्पथ." मग तिनं जे सांगितलं ते न सांगून चालणारं नव्हतं. घरातल्याच एका मोठ्या माणसाविषयी होतं. मी सांगितलं, तिला मदत मिळाली, पण ती आठ महिने माझ्याशी बोलली नाही. चूक सांगण्यात नव्हती, शपथ घेण्यात होती. तेव्हापासून आमच्या गटात पहिल्याच दिवशी हे वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं जातं: 'इथलं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल, तर मी एकटी ते ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू.'

२०१२च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. न कळवल्याची शिक्षा अठरा वर्षांखालच्यांना लागू नाही. म्हणजे लहान सोबत्यानं घाबरायचं कारण नाही, पण त्यानं त्याच दिवशी पाठीशी असलेल्या मोठ्या माणसाला सांगायचंच. खोदून खोदून प्रश्न विचारू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही', एवढं बोला आणि पुढे पाठवा.

कुणी 'जगून काय करू' असं म्हणालं, तर विषय बदलू नका, 'असं काय बोलतेस' म्हणून दटावू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीला ११२, फोनवर पैशाची फसवणूक झाली किंवा कुणी फोटोवरून धमकावलं तर १९३०. हे चारही क्रमांक गल्ल्याच्या झाकणावर चिकटवून टाका.

सरकारी दवाखान्यांत मध्यप्रदेशात 'उमंग' नावाची किशोर-स्वास्थ्य केंद्रं आहेत. गट सुरू करण्याआधी तुम्ही स्वतः एकदा तिथे जाऊन या: कुठल्या दारानं जायचं, कोण बसतं, किती वाजता. 'दवाखान्यात जा' असं सांगितलं तर कुणी जात नाही. 'मंगळवारी अकराला जाऊ, मी येते बरोबर' म्हटलं की जातात.

सातवी पायरी: कचरा आणि पाणी

शाश्वत विकास हा शब्द मुलांपुढे काढलात की तक्त्यासारखंच होईल. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली सतरा उद्दिष्टं ठरवली, २०३०ची मुदत घातली, इतकं माहीत असलं की पुरे. आपल्याला शिकवायला शहर आहे.

इंदूर २०१७पासून सलग सात वेळा देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं, पण ते भाषणांनी आलं नाही. आधी दोनच वॉर्डांत ओला-सुका वेगळा करून पाहिलं, मग शहरभर नेलं. रोज त्याच वेळी गाडी, तेच गाणं, आणि दारात येऊन कचरा मिसळलेला डबा परत करणारी माणसं. सोबत्यानं यातून घेण्यासारखं हे, की छोटं सुरू करा, रोज करा, चूक झाली तर तिथल्या तिथे सांगा. आज आपण सहा प्रकारांत कचरा देतो. त्यातला सॅनिटरी कचऱ्याचा डबा हा पाळीच्या बैठकीचा आणि कचऱ्याच्या बैठकीचा सांधा आहे: पॅड कागदात गुंडाळून त्या डब्यात, संडासात नाही. हे मुलग्यांनाही शिकवा, घरात डबा बाहेर नेणारे तेच असतात.

ओला कचरा देवगुराडियाला जातो. १९ फेब्रुवारी २०२२ला तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा कारखाना सुरू झाला, त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. मात्र त्यात प्लास्टिक गेलं तर घोटाळा होतो, हे मुलांना एकदा नीट समजावलं की आईलाच टोकायला लागतात.

करून बघायचा प्रयोग म्हणजे गणेशोत्सवाचे दहा दिवस. मंडळाचा कचरा रोज रात्री भंगारवाल्याच्या ताणकाट्यावर तोला: निर्माल्य, थर्माकोल, प्रसादाचे द्रोण, पाण्याच्या बाटल्या. आमच्याकडे बाटल्यांचा आकडा पाहून खजिनदार काका स्वतःच दुसऱ्या वर्षी माठ घेऊन आले. पाण्याचंही तसंच, आपल्या नळाला येणारी नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं वर चढवून आणलेली आहे. गळक्या नळाखाली तासभर बादली ठेवा आणि चोवीसनं गुणा. सिरपूर तलावावर सकाळी एक फेरी काढा, २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय. थंडीत पक्षी असतात, कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

आठवी पायरी: वही आणि किल्ली

वहीत नावं लिहू नका. तारीख, किती मुली, किती मुलगे, विषय, किती जणांना कुठे पाठवलं आणि किती जण खरंच गेले, बस. शेवटचा आकडा नेहमी छोटा असतो, तोच बघत राहा. हजेरी कमी झाली तर फोनवर रागावू नका, घरी जाऊन या. बहुतेक वेळा मुलींना धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. भावंडासकट बोलवा.

जानेवारीच्या मध्यापासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत बैठका बंद ठेवा, फक्त गल्ला चालू. त्या दिवसांतल्या चिठ्ठ्या जास्त जपून वाचा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की पुन्हा बसायचं.

आणि गल्ल्याच्या किल्ल्या दोन हव्यात, एक मुलीकडे, एक मुलाकडे. वर्षाच्या शेवटी त्या नव्या दोघांना द्यायच्या. आमची पद्धत अशी, की किल्ली घेणाऱ्यानं त्याच दिवशी गल्ला उघडायचा, निघालेल्या चिठ्ठ्या जुन्या सोबत्यांबरोबर बसून वाचायच्या, आणि कुठल्या चिठ्ठीला उत्तर येत नाही ते मोठ्यानं सांगायचं. गेल्या खेपेला नव्या मुलानं सोळातल्या अकरा चिठ्ठ्या 'येत नाही'च्या ढिगात टाकल्या. किल्ली त्यालाच दिली.